साळिंदराची पिल्ले

मे महिन्यातील एका दुपारी नाल्याच्या कामावरचा पोकलेनचालक लोखंडी घमेल्यात चार जीव घेऊन माझ्या दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, साळिंदराचे पिल्लं सापडले जी." चूक स्वाभाविक होती. खंड्याच्या, म्हणजे किंगफिशरच्या, पिल्लांना पिसे फुटली तरी ती बरेच दिवस पांढुरक्या नळीसारख्या आवरणात बंद राहतात, त्यामुळे दोन आठवड्यांचे पिल्लू काटेरीच दिसते. निळा रंग उमटतो तो ही आवरणे सुटल्यावर.

ही पिल्ले पांढऱ्या छातीच्या खंड्याची होती. हा पक्षी केवळ मासळीवर जगत नाही. सरडे, नाकतोडे, खेकडे, बेडूक असे काहीही त्याला चालते, म्हणून आपल्या नागपूर शहरातील घाण नाल्याकाठीही तो टिकून आहे. मात्र चोचीने बीळ कोरण्यासाठी त्याला मातीची उभी दरड लागतेच. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरानंतर नाल्याला सिमेंटची भिंत हवी, या मागणीला मी विरोध कसा करणार? पण विणीच्या ऐन दिवसांत दरड कापताना बिळे आहेत का, एवढे पाहायला कोणाचे काय जाते?

वनविभागाला कळवून मी कामाला लागलो. मुकादमाने दयाबुद्धीने पिल्लांच्या चोचीत दुधात भिजवलेले बिस्किट कोंबले होते. पक्ष्याला दूध पाजणाऱ्यांशी मी गेली अनेक वर्षे भांडतो आहे आणि हरतो आहे. उन्हाने सुकलेल्या पिल्लाला आधी अन्न द्यायचे नसते. मांडीच्या त्वचेखाली कोमट सलाइन सोडून ते सावरले, की मग बोथट चिमट्याने नाकतोड्याचा मऊ भाग भरवायचा. पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक नको, कारण त्यावर पाय फाकतात. खऱ्या बिळात तर गवताची काडीही नसते, अंडी उघड्या मातीवरच असतात.

पालक पक्षी जवळपासच असणार, म्हणून तीन इंची प्लास्टिकच्या पाइपला आतून चिखल लावून आणि मागे लाकडी पेटी जोडून मी कृत्रिम बीळ केले. उरलेल्या दरडीत सावलीची जागा पाहून ते बसवले आणि सायंकाळी पाच वाजता चारही पिल्ले आत सोडली. थोड्याच वेळात चोचीत सरडा धरलेला खंड्या तारेवर येऊन ओरडू लागला. तो झेपावला, पण आमच्या पाइपकडे नव्हे. आता जिथे नुसती हवा होती, तिथे तो क्षणभर फडफडला आणि परत तारेवर गेला. असे त्याने सहा वेळा केले. सातव्या खेपेला त्याने सरडा स्वतःच गिळला.

"बीळ तिकडं नव्हतं जी," मागे उभा असलेला चालक म्हणाला, "इथं होतं, माझ्या बकेटच्या दातासमोर." तीन आठवडे तो माणूस रोज ते बीळ पाहत होता, आणि मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

अंधार पडताच पिल्ले परत आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे चालकाने सांगितलेल्या नेमक्या जागी आणि उंचीवर मातीची पोती रचून आम्ही पाइप बसवला. सव्वासातला मादी की नर, कोण जाणे, सरळ आत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. मुकादमाने दहा दिवस तेवढा पट्टा सोडून काम केले, हे त्याच्या बाजूनेही नोंदवले पाहिजे.

पाइपमधून तीन पिल्ले उडाली. चौथे त्या पहिल्याच रात्री माझ्या दवाखान्यात मेले होते. शवविच्छेदनात त्याच्या श्वासनलिकेत बिस्किटाचा पिवळट लगदा सापडला. माझ्या नोंदवहीत त्या दिवशीच्या साडेचारची नोंद आहे, अक्षर माझेच आहे: "क्रमांक चार, श्वास घेताना टिकटिक." त्याला वेगळे ठेवून प्राणवायू द्यायला हवा होता. चौघांचा आवाज एकत्र गेला तर पालक लवकर येतील, असे वाटून मी त्यालाही पाइपमध्ये ठेवले होते.