तिसऱ्या मिनिटानंतरचा उजेड: एका स्वस्त विजेरीची नोंदवही

पहिला दिवस

विजेऱ्यांचा नाद असलेली माणसे खोके उघडण्याआधी खोक्यावरचे आकडे वाचतात, आणि मीही त्याला अपवाद नाही. या विजेरीच्या खोक्यावर टर्बो, म्हणजे सर्वांत प्रखर पातळीला १,२०० लुमेन (लुमेन हे बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप), १९० मीटरचा पल्ला, त्याच टर्बोवर २ तास १० मिनिटांची चाल आणि पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स८ हा दर्जा छापलेला आहे. आत १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा एकच लिथियम-आयन सेल आहे. टर्बोखाली ४५०, १५० आणि २० लुमेनच्या तीन पातळ्या आहेत, बटण बाजूला आहे आणि चार्जिंगसाठी टाइप-सीचे तोंड रबरी पाकळीखाली झाकलेले आहे. संग्रहात आणखी एक नग म्हणून मी ती घेतलेली नाही. रोज पिशवीत किंवा खिशात बाळगण्याची एकमेव विजेरी म्हणून ती पुरी पडते का, एवढेच मला पाहायचे आहे.

विजेरी पेटवण्याआधी कागदावर एक हिशेब मांडून ठेवला, कारण तो मोजमापांपेक्षा लवकर खरे बोलतो. सेलवर ३,००० मिलिअँपिअर-तास लिहिले आहेत आणि त्याचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला, तर त्यात १०.८ वॉट-तास ऊर्जा मावते. या आकाराच्या विजेरीत ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे सर्किट), आरसा आणि काच यांची तूट वजा जाता दर वॉटमागे १०० लुमेन हाती आले तरी ते चांगलेच म्हणायचे. म्हणजे सगळा सेल रिकामा केला तर सुमारे १,०८० लुमेन-तास मिळतील. १,२०० लुमेन २ तास १० मिनिटे सलग द्यायचे तर त्याला २,६०० लुमेन-तास लागतात. तेव्हा खोक्यावरचे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, आणि गंमत अशी की तरीही ते नियमाला धरून असू शकतात.

विजेऱ्यांसाठी २००९ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सी एफएल१ या मानकानुसार उजेडाचा आकडा विजेरी लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या अवधीत मोजला जातो, आणि चालीचा वेळ मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ धरला जातो. मधल्या काळात उजेड कितीही उतरला तरी मानकाची हरकत नसते. म्हणून खोक्यावरच्या आकड्यापेक्षा दोन मिनिटांनंतर काय होते, याची नोंद ठेवायचे मी ठरवले.

तिसरा दिवस

छताची चाचणी केली. पांढऱ्या छताच्या लहान खोलीत विजेरी शेपटीवर उभी करायची, तिचा थेट उजेड पोहोचणार नाही अशा बेताने पुस्तकाच्या आडोशाला जुना फोन ठेवायचा आणि त्यातल्या लक्समापकावर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) छतावरून परतलेला उजेड वाचायचा, अशी ही पद्धत आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीची आहे. फोनचा संवेदक खरे लुमेन सांगत नाही, पण एकाच मांडणीत उजेड किती टक्क्यांनी उतरला हे तो पुरेशा प्रामाणिकपणे सांगतो.

तिसाव्या सेकंदाचा आकडा १०० धरला. पहिल्या मिनिटाला ९७, दुसऱ्याला ९३, आणि तिसरे मिनिट भरताच उजेड सुमारे पाच सेकंदांत ४१ वर आला आणि तिथेच थांबला. हे अपेक्षितच होते, कारण एवढ्याशा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला १०-१२ वॉट फार काळ पचवता येत नाहीत. शंका आली ती उतरण्याच्या वेळेमुळे. विजेरी पूर्ण थंड होऊ देऊन दुसऱ्यांदा तीच चाचणी टेबलपंख्याच्या वाऱ्यात केली. उष्णता मोजून उजेड उतरवणारी विजेरी असती, तर वाऱ्यामुळे तिने चार-पाच मिनिटे तरी तग धरला असता. ही मात्र पुन्हा नेमक्या तिसऱ्या मिनिटालाच उतरली.

याचा अर्थ आत तापमापक नाही, नुसते घड्याळ आहे. मोजणीची दोन मिनिटे संपल्यावर लगेचच उजेड उतरावा, हा मला योगायोग वाटत नाही. तेही एक वेळ चालले असते, परंतु बटण बंद करून पुन्हा चालू केले की घड्याळ शून्यावर येते आणि आधीच तापलेल्या विजेरीला आणखी तीन मिनिटांचा टर्बो मिळतो. डोक्याला तापमापकाची तार चिकटवून पाहिले, तेव्हा पहिल्या फेरीअखेर ५० अंश सेल्सिअस आणि लगोलग घेतलेल्या दुसऱ्या फेरीअखेर ६१ अंश भरले. तिसरी फेरी केली नाही. विजेरी तोवर बोटांत धरवत नव्हती, आणि त्याच नळीत लिथियमचा सेल बसलेला आहे हे विसरून चालत नाही.

चौथा दिवस

पल्ल्याचे मोजमाप. पाच मीटरवर झोताच्या मध्यभागी २९० लक्स मिळाले. अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणले की ७,२५० कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, मिळते. मानकातला पल्ला म्हणजे उजेड ०.२५ लक्सपर्यंत खाली येण्याचे अंतर, आणि त्या सूत्राने हा झोत १७० मीटरवर संपतो. खोक्यावर १९० आहेत. फोनच्या संवेदकाची चूक लक्षात घेता हा फरक मी मनावर घेत नाही. मात्र ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड, आणि तेवढ्यात पलीकडे काहीतरी आहे इतकेच कळते. ते कुंपण आहे की माणूस, हे नाही. चौपट उजेड हवा तर अंतर निम्मे करावे लागते, तेव्हा कामाचा पल्ला ८५ मीटर समजावा. रोजच्या वापरात मला २० मीटरपलीकडे पाहण्याची वेळ क्वचित येते.

झोताचा आकार मात्र आवडला. संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत आरशामुळे मधला ठिपका कडेच्या पसाऱ्यात हळूहळू मिसळतो आणि चालताना पायाजवळची जमीनही दिसत राहते. भिंतीवर झोत मारला तर ठिपक्याभोवती हिरवट कडे दिसते. ते कडे फक्त पांढऱ्या भिंतीवर आणि फक्त आपल्यासारख्यांनाच दिसते, म्हणून त्याचे गुण कापत नाही.

नववा दिवस

हा दिवस नोंदवावा की नाही, असा विचार करत होतो. विजेरी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात उलटी, म्हणजे डोके खाली करून ठेवली होती. वाटेत केव्हातरी वहीची कड बटणावर दाबली गेली असावी. पिशवी खाली ठेवताना तापलेल्या इस्त्रीखालच्या कापडासारखा वास आला. कप्पा उघडला तर आतल्या काळ्या नायलॉनच्या अस्तरावर विजेरीच्या तोंडाच्या नेमक्या मापाचा एक गुळगुळीत, चकाकणारा गोल उमटला होता, आणि त्याच्या कडेला कापड आक्रसून चुणी पडली होती. झोताला पुढे वाट नसली की सगळा उजेड समोरच्या कापडात मुरतो आणि त्याची उष्णता होते. कापड काळे असेल तर अधिकच. तिसऱ्या दिवशी जे केवळ खटकले होते, त्याचा अर्थ इथे कळला: उष्णता ओळखणारी विजेरी अशा वेळी स्वतःहून मंदावली असती. हिचे घड्याळ तीन मिनिटांनी टर्बोवरून खाली येते आणि मग साधारण ५०० लुमेनवर सेल संपेपर्यंत निवांत चालू राहते.

त्यावर उपाय साधा निघाला. मागच्या झाकणाच्या आट्यांवर अ‍ॅनोडायझिंगचा काळा थर आहे. हा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे झाकण पाव फेरा सैल केले की विद्युतमार्ग तुटतो आणि बटण दाबूनही विजेरी लागत नाही. ज्यांच्या विजेरीच्या आट्या उघड्या, चांदीसारख्या चकचकीत असतील, त्यांना या युक्तीचा उपयोग नाही. त्यांनी झाकण फिरवून आधी खात्री करून घ्यावी. त्या दिवसापासून ही विजेरी पिशवीत पाव फेरा सैल असते. तातडीच्या वेळी हा पाव फेरा आठवावा लागतो, ही त्याची किंमत आहे.

चौदावा दिवस

रंगांची परीक्षा ठरवून घेतली नव्हती, ती आपोआप झाली. विजेच्या जोडणीच्या एका पेटीत तोंडात विजेरी धरून पाहताना लाल आणि तपकिरी या दोन वायरी मला एकसारख्या दिसल्या. शेजारी शेजारी धरल्या तेव्हा फरक कळला, पण तोही अंदाजानेच. जुनी, जेमतेम २०० लुमेनची, पण निचिया कंपनीचा ५१९ए हा ९० हून अधिक रंगनिर्देशांकाचा (रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) एलईडी असलेली विजेरी आणून धरली, आणि लाल वायर लाल दिसली. या नव्या विजेरीचा उजेड ६,५०० केल्विनच्या आसपासचा, निळसर पांढरा आहे. असे एलईडी त्याच विजेत अधिक लुमेन देतात आणि खोक्यावरचा आकडा फुगतो. त्याची भरपाई लाल रंगाला करावी लागते. रस्त्यावर किंवा अडगळीच्या खोलीत हे जाणवत नाही. वायर, जखम किंवा औषधाची गोळी पाहायची असेल, तर ही विजेरी मी हाती घेणार नाही.

विसावा दिवस

रात्रीच्या वापराबद्दल तक्रार आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव मोडायला २० लुमेन पुष्कळ होतात. त्यात या विजेरीला शेवटची पातळी लक्षात ठेवण्याची खोड आहे. परवा मध्यरात्री उठून बटण दाबले तेव्हा आदल्या संध्याकाळचा टर्बो थेट समोरच्या पांढऱ्या दारावर उमटला आणि पुढची काही मिनिटे मला हिरव्या ठिपक्यांखेरीज काही दिसले नाही. दाबून धरल्यास थेट एक लुमेनखालची चांदणे पातळी लागावी, ही सोय आता बऱ्याच स्वस्त विजेऱ्यांत असते. इथे ती नाही.

त्याच २० लुमेनवर फोनच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. म्हणजे विजेचा प्रवाह कमी न करता एलईडी भराभर लावून-विझवून उजेड कमी केलेला आहे. नळाची बारीक धार या उजेडात धरली तर ती सलग न दिसता सुट्या मण्यांची माळ दिसते. माझे डोके त्याने दुखत नाही, पण ज्यांचे दुखते त्यांनी लक्षात ठेवावे.

सव्विसावा दिवस

बंद असताना विजेरी किती वीज खाते, हे पाहिले. बाजूला बटण असलेल्या विजेरीतला नियंत्रक कायम जागा असतो, त्यामुळे ही चौकशी आवश्यक ठरते. झाकण काढून सेलची ऋण बाजू आणि नळीची कड यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला. घाईत मी तो थेट मायक्रोअँपिअरच्या श्रेणीवर ठेवला, जोडताना बटणाला बोट लागले, विजेरी पेटू पाहिली आणि मीटरचा फ्यूज गेला. फ्यूज बदलून, आधी १० अँपिअरची श्रेणी लावून आणि मग खाली उतरत गेलो, तेव्हा ३८ मायक्रोअँपिअर भरले. या दराने सेल रिकामा व्हायला आठ-नऊ वर्षे लागतील. तोवर तो स्वतःच म्हातारा झालेला असेल. या बाबतीत विजेरीला पूर्ण गुण.

चार्जिंगला तसे गुण देता येत नाहीत. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की काहीच होत नाही, पण एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेल्या केबलने चार्जिंग लगेच सुरू होते. टाइप-सीच्या तोंडामागे ५.१ किलो-ओहमचे दोन रोधक नसले की चार्जरला समोर कुणी आहे हे कळतच नाही आणि तो वीज सोडत नाही. दोन क्षुल्लक रोधकांची ही काटकसर मला अनाकलनीय आहे. डोके उघडून ते डकवण्याचा मोह झाला होता, पण डोक्याचे कडे गोंदाने बसवलेले आहे.

पाण्याची चाचणी थोडक्यात: रबरी कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावून बादलीत अर्धा तास ठेवली, आत ओल नाही. पेट्रोलियम जेली लावू नये. काही प्रकारची रबरे तिने फुगतात.

चाळिसावा दिवस

सोबत आलेला सेल क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर रिकामा करून पाहिला, तेव्हा ३,००० ऐवजी २,६८० मिलिअँपिअर-तास भरले. ९,९०० असा अशक्य आकडा लिहिलेले सेल पाहिलेल्या माणसाला हे सभ्यच वाटावे. ४५० लुमेनच्या पातळीवर या सेलने १ तास ३५ मिनिटे उजेड जराही न हलवता दिला आणि मग तो हळूहळू उतरत गेला. खात्रीचा ३,५०० चा सेल घालून तीच चाचणी केली, तर सपाट भाग २ तास ५ मिनिटांपर्यंत लांबला. संपूर्ण चाळीस दिवसांत मला या विजेरीचा सर्वांत चांगला भाग हा आढळला, आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नाही.

वहीच्या मागच्या पानावर दर वापराला एक रेघ ओढत होतो. एकूण ७४ रेघा झाल्या: २० लुमेनला १९, १५० ला ३१, ४५० ला २०, टर्बोला ४. त्या चारांतला एक वापर म्हणजे मध्यरात्रीचे ते दार. पिशवीतला अपघात मी रेघांत धरलेला नाही.

मूळ सेल आता दुसऱ्या विजेरीत गेला आहे. ३,५०० चा सेल हिच्यातच राहील, आणि झाकण पाव फेरा सैल.