तोरणमाळ क्लब ड्राइव्ह: फोटो उतरताना काढा, चढताना नाही

तोरणमाळ हे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, आणि राणीपूर हे त्याच्या घाटाआधीचं गाव. गाडीचं पोट खाली असेल तर राणीपूरच्या वर नेऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

निघण्याआधी ग्रुपवर तोरणमाळचा घाट कसा आहे ते स्पष्ट विचारलं होतं. उत्तर आलं, "रस्ता एकदम मस्त शे भाऊ, एटहंड्रेड बी चढी जास." म्हणजे मारुती ८०० सुद्धा चढेल. उत्तर देणारा गेल्या पावसाळ्याच्या आधी गेला होता, हे वर पोचल्यावर कळलं. सातपुड्याच्या या बाजूला पावसाळ्यात दरडी येतात, कडा तुटतात, मग डागडुजीसाठी खडी येऊन पडते. पावसाळ्याआधीची माहिती जानेवारीत काय कामाची?

ताफ्यात फियाट पद्मिनी, एक काळी कॉन्टेसा, जिप्सी, दोन जुन्या महिंद्रा जीप, थार आणि सस्पेन्शन खाली घेतलेल्या काही हॅचबॅक होत्या. धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा, म्हसावद. इथवर सांगण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला. फक्त शहाद्याच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मध्ये शिरतात आणि ताफा तुटतो. तो जुळवण्याच्या नादात ओव्हरटेक करू नका, म्हसावदला थांबून एकत्र व्हा. पेट्रोलची टाकी शहाद्यातच भरून घ्या. शहाद्यापासून वरपर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहेत, पण त्यातलं शेवटचं अंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातं आणि जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन तिथे बेसुमार पितं.

आता ज्याच्यासाठी सुरुवातीलाच सावध केलं तो तुकडा. राणीपूर सोडून घाट चढू लागलं की काही वळणांनंतर डांबर संपलं आणि सुटी खडी लागली. चढ, त्यात अरुंद वळण, त्यात खडी. थार आणि जीप हसत गेल्या. पद्मिनी तापली, बोनेट उघडून उभी राहिली ती तासभर. कॉन्टेसा लांब नाकाची, मागच्या चाकांवर चालणारी. वळणात मागचं चाक जागेवर फिरत राहिलं आणि सायलेन्सर दगडावर घासला. तो आवाज मालकाआधी मला ऐकू आला, कारण मी वळणाच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरा घेऊन बसलो होतो. चौघांनी ढकलून ती वर काढली. एका हॅचबॅकचा पुढचा बंपर तिथेच निघाला. वर पोचेपर्यंत काळी गाडी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसत होती, आणि याच गाडीच्या चकाकीसाठी मी दोन लेन्स वाहून आणल्या होत्या! मायक्रोफायबरचं कोरडं फडकं अशा धुळीवर चालवलं की रंगावर ओरखडे उठतात. आधी पाणी ओता, मग पुसा. पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवा, रेडिएटरलाही लागतात.

फोटोंबद्दल मुख्य गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, म्हणून सांगतो. राणीपूरकडून तोरणमाळकडे रस्ता ढोबळमानाने उत्तरेला चढतो आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. चढताना गाडीचं तोंड सावलीत, डिकीवर ऊन. ग्रिल, हेडलाइट, क्रोम सगळं काळवंडतं. वळणावळणाने दिशा बदलते, पण लांब सरळ तुकड्यांवर हाच प्रकार. आमच्या आयोजकांनी मात्र सगळं शूटिंग सकाळी चढताना ठेवलं होतं. मूर्खपणा, दुसरा शब्द नाही. ताफा वर जाऊ द्या, जेवू द्या, आणि तीन-साडेतीनला उतरताना गाठा. ऊन थेट ग्रिलवर येतं. पाचच्या पुढे थांबू नका. डोंगराची सावली घाटात लवकर उतरते.

घाटात गाडी ताशी पंधराच्या आसपास चालते. पॅनिंगला, म्हणजे चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, शटर १/१२५ ठेवलात तर चाकं उभी असल्यासारखी दिसतील. १/२५ पर्यंत खाली या. निम्मे फ्रेम फुकट जातील, जाऊ द्या. पुढच्या काचेवरची आकाशाची चमक घालवायला पोलरायझर फिल्टर हवाच, पण बाजूच्या टफन काचांवर त्याने जांभळट ठिपके उमटतात. तिथे फिल्टर फिरवून मधली जागा शोधा. आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकून फोटो काढणाऱ्या शूरवीरांनी आमच्या ताफ्यात येऊ नये. आयोजक आम्हाला फोटोंसाठी मागून उघडी जीप देतो म्हणाले होते, ऐन वेळी आली बंद एसयूव्ही. मी गाडीतून एकही फोटो घेतला नाही.

वर पार्किंगवर एकाने पावतीपुस्तक पुढे केलं. गाडीमागे पन्नास, ठीक. मग कॅमेरा पाहून "शूटिंगचे पाचशे वेगळे". पावतीवर शिक्का नाही, नाव नाही. शिक्क्याची पावती मागितल्यावर रक्कम दोनशे झाली, पुन्हा मागितल्यावर माणूसच दुसरीकडे गेला. आमच्यातल्या तिघांनी तोवर पैसे देऊन टाकले होते. जेवणाचंही तेच: शेवभाजी आणि भाकरी चांगली होती, पण वीस माणसांचं बिल आलं तेव्हा प्रत्येक ताटात न मागितलेला पापड मोजलेला. भाव आधी ठरवा, ताटात काय येणार तेही. दुसऱ्या दिवशी तोरणमाळचा यशवंत तलाव, सीताखाईची दरी वगैरे बघून झालं. बरं होतं.

खरे फोटो मिळाले ते परतताना, आणि तेही तोरणमाळला नाही. शहाद्याहून वाट वाकडी करून नंदुरबारकडे गेलो. तिथे या दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या असतात; मोकळ्या मैदानावर लालभडक मिरची वाळत पडलेली, नजर जाईल तिथपर्यंत. कडेच्या कच्च्या वाटेवर पांढरी पद्मिनी उभी केली आणि घाटापासूनचा वैताग गेला. सपाट जमीन, खडी नाही, घासायला काही नाही. पथारीच्या मालकाला आधी विचारा. आम्हाला त्याने चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. मिरचीवर चाक जाऊ देऊ नका, पायसुद्धा नाही. मिरचीवरून वारा येतो त्या बाजूला उभे राहू नका. ठसका लागला की कॅमेरा स्थिर राहत नाही, आणि लेन्स बदलायची असेल तर गाडीत बसून, काचा वर करून बदला. नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि त्या हातांनी डोळे चोळू नका.

कमी उंचीच्या गाड्यांचा क्लब असेल तर सरळ नंदुरबारच करा. तोरणमाळ जीपवाल्यांसाठी सोडा, आणि त्यांनाही निघण्याच्या आदल्या आठवड्यात घाट चढून आलेल्या माणसाकडून रस्त्याचा ताजा फोटो मागवायला सांगा.