शुक्र सकाळच्या रकान्यात की संध्याकाळच्या?

"काका, शुक्र कुठं दिसणार हे तुम्हाला बघायच्या आधीच कसं कळतं?" दूध घालायला येणारी पोरं हे विचारतात. त्यांचे आजेही विचारतात, फक्त ते 'चांदणी कुठंशी आली?' असं म्हणतात. पोरांना वाटतं माझ्या मोबाइलात ॲप असेल. आहे. पण शुक्रासाठी मी ते उघडत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मी दुधाची वही उघडतो.

देवणी तालुक्यात माझं दूध संकलन केंद्र आहे. पहाटे एक पाळी, दिवस मावळताना दुसरी. वहीला दोनच रकाने, सकाळ आणि संध्याकाळ. शुक्राचा धंदाही अगदी याच दोन पाळ्यांचा. त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या आत असल्यामुळे तो सूर्यापासून 47 अंशांपलीकडे जात नाही. म्हणून तो दिसला तर उजाडायच्या आधी पूर्वेला, नाहीतर दिवस बुडाल्यावर पश्चिमेला. 2017 पासून मी रकान्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'शु' लिहायला लागलो, आणि त्यापुढे तो कशावर होता ते. पूर्वेला गावची पाण्याची टाकी, पश्चिमेला चिंच. उभं राहायचं ते नेहमी वजनकाट्यापाशी, जागा बदलायची नाही. पाच पावलं इकडंतिकडं झालं तर टाकी सरकते आणि आपल्याला वाटतं शुक्र सरकला.

पहिल्याच वर्षी मी फसलो, तेही चांगले चार महिने. 2017 च्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात शुक्र पहाटे होता. दिवाळीनंतर तो खाली खाली जायला लागला, उसाच्या शेंड्यांत शिरला. 13 नोव्हेंबरच्या आसपास तिथं एकच ठळक उजेड होता आणि मग तो हळूहळू वर यायला लागला. मी आपला रोज 'शु' लिहितोय. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मार्च उजाडेपर्यंत तो पहाटे टाकी सोडून पार आभाळाच्या मध्यावर आला, तरी मला शंका नाही. मग एका संध्याकाळी कॅन धुताना चिंचेच्या बुंध्याजवळ तसाच दुसरा दिसला. त्या तारखेला माझ्या वहीत दोन्ही रकान्यांत 'शु' आहे. एकाच दिवशी दोन शुक्र!

घडलं होतं असं, की त्या नोव्हेंबरात शुक्र आणि गुरू अगदी एकमेकांना खेटून आले होते. शुक्र खाली उतरून सूर्यामागं गेला, गुरू वर चढला, आणि मी गुरूला शुक्राच्या नावावर घेत बसलो. दुधात असं करणाऱ्याला आपण काय म्हणतो ते माहीतच आहे. गावातल्या आबांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. मोटेच्या काळात त्यांच्या वडिलांनी गुरूलाच पहाटेची चांदणी समजून रात्री एकच्या सुमाराला बैल जुंपले होते म्हणे.

तेव्हापासून मी मूठ लावतो. हात ताठ धरून मूठ आडवी केली की आभाळाचे साधारण दहा अंश झाकतात. आमच्या पोरांना डिग्री म्हटलं की दुधाची, लॅक्टोमीटरवरची आठवते, 28 लागली की खूश. ही डिग्री वेगळी. सूर्य जिथं मावळला तिथून पावणेपाच मुठींच्या आत असेल तरच तो शुक्र असू शकतो. अंधार पडल्यावर डोक्यावर लखलखतंय ते काहीही असो, शुक्र नाही.

आता बघायच्या आधी कसं कळतं, ते. शुक्राची पाळी बदलून परत त्याच ठिकाणी यायला 584 दिवस लागतात. अशा पाच फेऱ्यांचे 2920 दिवस, आणि आपल्या आठ वर्षांचे 2922. म्हणजे आठ वर्षांनी शुक्र जवळपास तिथंच, फक्त दोन दिवस आधी. 25 मार्च 2017 ला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला होता, पुढं 23 मार्च 2025 ला तसाच गेला. सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा काळा ठिपका आठवतोय का? 8 जून 2004 आणि 6 जून 2012. तोच हिशेब. (तसला ठिपका आता डिसेंबर 2117 मध्ये, तेव्हा तो सोडून द्या.)

लग्न ठरलेल्या घरातून वेगळा प्रश्न येतो, 'शुक्राचा अस्त कधी संपतो?' अस्त म्हणजे तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा होतो ते दिवस. मुहूर्ताचं भटजींना विचारा, तो दिसतो की नाही एवढंच मी सांगतो. पण त्या अस्तातही गणित आहे. शुक्र सूर्यामागून जातो तेव्हा लांब असतो, बारीक दिसतो आणि दीड-दोन महिने गायब राहतो. आपल्या बाजूने जातो तेव्हा मोठा असतो आणि आठ-दहा दिवसांत परत हजर. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात म्हणून दोन वेगळे आकडे आहेत: लांबच्या अस्ताला 10 कालांश, जवळच्याला 8. एक कालांश म्हणजे चार मिनिटं. सूर्य आणि शुक्र यांच्या उगवण्या-मावळण्यात जवळच्या बाजूला 32 मिनिटांपेक्षा कमी अंतर राहिलं, की तो गेला. मी काट्यापाशी घड्याळ लावून बघितलंय. आमच्याकडं धूळ आणि उसाच्या पाचटाचा धूर असतो, त्यामुळं माझा आकडा जरा जास्तच येतो.

सगळ्यात जास्त गर्दी झाली ती 24 मार्च 2023 ला. पाडवा होऊन दोन दिवस झालेले, पहिला रोजा, आणि चंद्रकोरीच्या खाली चिकटल्यासारखा एक ठिपका. रोजा सोडून दूध घालायला आलेल्या चाचींनी किटली खाली ठेवली, "ये क्या है भैया?" शुक्र आहे म्हटलं. त्या दिवशी फॅट काढायला पाऊण तास उशीर झाला, कुणी कुरकुर केली नाही.

सध्या पावसाळा आहे. संध्याकाळचा रकाना आठ-आठ दिवस कोराच. परवा सातवीतल्या एकाने विचारलं, "दिवाळीला कुठं असंल?" यंदा, 2026 ला, तो 24 ऑक्टोबरला पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातोय. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. आठ वर्षं मागं जाऊन दोन दिवस पुढं, म्हणजे 10 नोव्हेंबर 2018 चं पान. पोराने स्वतःच गठ्ठ्यातून वही काढली, बोट फिरवत वाचलं: "सकाळ, पावणेसहा. शु. टाकीच्या उजवीकडं, दीड मूठ वर."

"मग तेव्हा पहाटे दूध मीच घेऊन येतो," म्हणाला.