मेपाक्रिनची गोळी फलकावरून गेली

दोन्ही महायुद्धांवरच्या प्रदर्शनाचे फलक मी लिहीत होतो. फलक लोक उभ्याउभ्या, मागच्याचा धक्का खात वाचतात. साठेक शब्दांपुढे कुणी थांबत नाही. शिवाय देवनागरीत दोन ओळींमध्ये अंतर जास्त सोडावं लागतं, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. डिझायनरांना हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

ब्रिटिश फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचा फलक अजून डोक्यातून जात नाही. 1915 मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत जबर जखमी, 1917 मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पुन्हा जखमी, तिथल्या कामगिरीसाठी मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक. पुढे गुरखा पलटणीत. वरकमाईसाठी अँथनी मिल्स या टोपणनावाने कथा लिहीत. 1939 मध्ये बेळगावच्या सीनिअर ऑफिसर्स स्कूलचे प्रमुख. 1942 मध्ये ब्रह्मदेशातून सुमारे 900 मैलांची माघार, मग जपान्यांशी लढणाऱ्या चौदाव्या आर्मीची सूत्रं, 1944 ला इम्फाळ-कोहिमात विजय, 1945 ला ब्रह्मदेशातली मेक्टिला आणि मंडाले काबीज.

हे सगळं मंजूर झालं. कापली गेली ती मलेरियाची दोन वाक्यं. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून एक जखमी मागे आणला जाई, तेव्हा 120 आजारी आणावे लागत. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी होती, पण तिने पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली होती आणि जवान ती घेत नव्हते. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. 95 टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली, की त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना काढावं लागलं, मग बाकीच्यांना बरोबर समजलं.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “युद्धाच्या फलकावर औषधपाणी कशाला?” तिथे रणगाड्याचा फोटो आला. मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही. चौदाव्या आर्मीत बहुसंख्य जवान हिंदुस्थानी होते. इम्फाळजवळच्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. तापाने फणफणलेली पलटण खंदक धरू शकत नाही. दोनदा जखमी होऊन स्वतः मागे नेल्या गेलेल्या माणसाने ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या नोकरीशी बांधली, आणि माझ्या मते 1944 चा विजय तिथून सुरू होतो.

प्रदर्शन आता दुसऱ्या गावी जाणार आहे, फलक नव्याने छापायचे आहेत. ती दोन वाक्यं मी मसुद्यात परत घातली आहेत. जागा कमी पडली तर फोटो लहान करा, पदकं गाळा, असं सोबत लिहून दिलंय.