बाईंनी फळ्यावर लिहिलेली संख्या

नववीत असताना एका शनिवारी शेवटच्या तासाला गणिताच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: ४२९४९६७२९७. "मूळ की संयुक्त? सोमवारी सांगा."

कसोट्या पाठ होत्या. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ११ चीही कसोटी लागेना. मग एकेका मूळ संख्येने भागत सुटलो. रविवारी रात्री १९९ पर्यंत पोचलो, दर वेळी बाकी उरलीच. सोमवारी उभा राहून ठामपणे म्हणालो, "मूळ आहे, बाई."

बाई चूकही म्हणाल्या नाहीत, बरोबरही नाही. त्यांनी विचारलं, "कुठवर जायला हवं होतं?" वर्गमूळ ६५५३६ पेक्षा किंचित जास्त येतं. तिथवर मूळ संख्या आहेत ६५४२. मी ४६ भागाकारांवर निकाल दिला होता.

मग त्यांनी ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही रांग मांडली. दोनचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात, प्रत्येकात एक मिळवलेला. पाचही मूळ. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं. आमची संख्या म्हणजे नेमकी पुढची, बत्तिसाव्या घाताची. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७००४१७. तिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो, हेही त्याने पुढे सिद्ध केलं. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१! माझ्या ४६ मधली कामाची एकच होती, १९३.

त्यानंतरच्या चार ओळी मी आजही न बघता लिहू शकतो. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, म्हणून ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला की ६४१ ने भाग जातो. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. या बेरजेला दोनच्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणलं, की ६४० चा चौथा घात अधिक दोनचा बत्तिसावा घात मिळतो. यातून आधीची संख्या वजा करा. उरते फळ्यावरची संख्या. भागाकार एकही नाही! त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मी बाकावरून उठलो नव्हतो.

पुढे वाचनात आलं की ३ ला शून्यावी धरलं तर पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या फर्मा संख्या, म्हणजे त्या रांगेतल्या संख्या, संयुक्त आहेत, आणि विसावी व चोविसावी यांचा एकही विभाजक अजून सापडलेला नाही. मी बाईंना पत्राने कळवलं. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं: "विभाजक सापडला नाही, तर संयुक्त हे कळलं कशावरून?"

विभाजक न शोधताच फर्मा संख्या मूळ की संयुक्त हे ठरवणारी पेपॅंची कसोटी समजून घेऊन मी त्यांना चार पानांचं पत्र लिहिलं.