बसल्या जागी धाप

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात या मावशींचं आयुष्य गेलं. विडी कधी ओढली नाही, पण बाहेर तंबाखूची धूळ, घरी चुलीचा धूर. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणारा जुनाट विकार, बळावलेला, वजन जेमतेम ४० किलो. फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला दिसला म्हणून त्यांना बेळगावला आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात बारीक नळी घालून तपासतात तिथे, आणलं होतं.

हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते आम्ही जर्मन शरीरशास्त्रज्ञ फिकच्या १८७० च्या तत्त्वाने काढतो: शरीराने मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन भागिले धमनी आणि शिरेच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. फरक रक्ताच्या नमुन्यांतून कळतो. वापर मात्र सहसा मोजत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला १२५ मिलि धरून मोकळे होतात. मावशींचे झाले १६३ मिलि.

“मावशी, निवांत पडा.”

“निवांत कसलं, डॉक्टर? श्वास घ्यायचंच काम लागलंय की!”

मानेचे स्नायू ताणलेले, ओठांचा चंबू. निरोगी माणसाचा एक-दोन टक्के ऑक्सिजन श्वास घेण्यावर जातो, अशा रुग्णाचा कितीतरी जास्त. म्हणून वापरलेला ऑक्सिजन श्वासातून मोजून कॅलरी काढणारं आयसीयूतलं यंत्र टेबलापाशी आणवलं. साध्या हवेवर सॅच्युरेशन ९० होतं, हे बरं. वरून ऑक्सिजन चालू असला की ही मोजणी भरवशाची राहत नाही. डोक्यावर पारदर्शक हूड ठेवला. टेक्निशियन कानडीत धीर देतोय, मावशी मराठीत उत्तरं देतायत. शेवटी दोघांनाही गप्प केलं. सुरुवातीची मिनिटं सोडून दिली, घाबरलेल्या माणसाचा आकडा फुगतो.

स्थिरावल्यावर आला २१५.

रक्तप्रवाह ३.३ लिटरचा ४.४ झाला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला रोध ६ वूड युनिटवरून (रोध मोजायचं एकक) ४.५ वर उतरला. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुप्फुसविकाराच्या रुग्णात ५ च्या वर गंभीर धरतात. धमन्या सैलावणारी महागडी गोळी सुरू करावी की काय, हा विचार तिथेच बाजूला पडला. अशा फुप्फुसांत ती कधीकधी ऑक्सिजन आणखी उतरवते.

पण त्याच २१५ ने दुसरंच दाखवलं: नुसतं पडून राहायलाही या बाईला दिवसाला जवळपास १५०० कॅलरी लागतात. वजन का झडतंय, ते तिथे कळलं. मी म्हटलं, “गोळी नको, पण खाणं वाढवायचं.”

“खाताना बी दम लागतोय, त्याचं काय?”

आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. भाकरी दुधात कुस्करून, वर तूप, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, असं ठरलं.