उन्हाचे तेरा महिने

अदिस अबाबाला निघाले तेव्हा बॅगेत छत्र्या दोन होत्या आणि स्वेटर एकही नव्हता. ऑगस्ट महिना, त्यात आफ्रिका. स्वेटर कशाला लागतोय? शिवाय इथियोपियाच्या पर्यटनाची ती जुनी जाहिरात डोक्यात बसलेली: ‘उन्हाचे तेरा महिने’. त्यातले तेरा महिने अगदी खरे आहेत. तिथल्या पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने असतात आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा पागुमे नावाचा चिमुकला तेरावा. ऊन मात्र मला पहिले चार दिवस जेमतेम सकाळी दहापर्यंत दिसलं.

कळसूबाईच्या शिखरावर पोचून आणखी सातशे मीटर चढलात, तर अदिस अबाबाच्या उंचीवर याल. हा हिशेब मी तिथे गेल्यावर केला, काकडत. सकाळी आभाळ स्वच्छ असायचं. दुपार झाली की एन्तोतोच्या डोंगरामागून ढग यायचे आणि दोन-अडीचला पत्र्यांवर एकदम ताशे वाजायला लागायचे. पाऊस, आणि त्यात गारा! गारा म्हणजे आमच्याकडे वैशाखातली, आंब्याचा घात करणारी गोष्ट. इथे त्या भर पावसाळ्यात अंगणात पांढरा सडा घालत होत्या आणि कुणी त्यांच्याकडे मान वळवून बघतही नव्हतं.

जून ते सप्टेंबरच्या या पावसाळ्याला तिथे ‘किरेम्त’ म्हणतात. मी उतरले होते त्या घरच्या एमामा (म्हणजे आजी म्हणा ना) त्याला इंग्रजीत सरळ ‘विंटर’ म्हणायच्या. मला वाटलं, त्यांचा शब्द चुकतोय. तिसऱ्या दिवशी पायांत दोन-दोन मोजे चढवल्यावर लक्षात आलं, चुकत माझं होतं. डिसेंबरात तिथे लख्ख ऊन असतं. घरात दारं लावून बसायचा काळ तो हा. एमामांनी न विचारताच माझ्या अंगावर गाबी टाकली. गाबी म्हणजे हातमागाची, चौपदरी, जाड सुती चादर. पावसात घोंगडीची खोळ घेणाऱ्या माणसांच्या मुलखातून आलेली मी, मला ती पांघरायला शिकवावी लागली नाही.

पायांचं मात्र जमेना. पुण्याहून नेलेल्या पावसाळी प्लास्टिकच्या चपला घालून मी ऐटीत बाहेर पडले, तर बोटं निळी पडायची वेळ आली. त्या शहरात बूट चकचकीत असणं ही प्रतिष्ठेची बाब आहे आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला चिखल मुबलक. त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर ‘लिस्त्रो’, म्हणजे बूटपॉलिशवाली पोरं. एकाचं काम मी बराच वेळ बघत उभी राहिले. बाटलीच्या बुचाला भोक पाडून पाण्याची बारीक धार, साबणाचा फेस, मग जुन्या टूथब्रशने तळव्याच्या कडेची एकेक खाच. गिऱ्हाईक पुन्हा त्याच चिखलात पाय टाकणार हे दोघांनाही ठाऊक, पण घाई कुणालाच नाही. माझ्या चपलांकडे बघून त्या पोराने मान हलवली. मेलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात तशी.

जेवणाचे हाल होतील असं वाटलं होतं, झालं उलटंच. ऑगस्टात तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा पंधरा दिवसांचा ‘फिल्सेता’चा उपास असतो. मांस, अंडी, दूध सगळं बंद. म्हणजे इकडे श्रावण आणि तिकडेही श्रावणच! पहिल्या रात्री ‘शिरो’ आहे असं कळलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बेदाणे घातलेला साजूक तुपातला शिरा आला. ताटात आलं ते गरमागरम, झणझणीत, रटरटणारं पिठलं. भाकरीच्या जागी आंबवलेला, जाळीदार इंजेरा. पुणेकर बाईने आणखी काय मागावं?

पण मला खरी लक्षात राहिली ती दुपारची कॉफी. बाहेर गारा आणि आत शेगडीवर एमामा हिरव्या बिया परतायला बसायच्या. बिया तडतडल्या की भांडं प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवायचं, धूर ओढून घ्यायचा, मग कुटायचं आणि मातीच्या जेबेनात उकळायचं. वाट्या तीन: अबोल, तोना, बरका. पहिली पिऊन उठणं उद्धटपणाचं. तिन्ही होईपर्यंत तासभर सहज जातो आणि पाऊसही तेवढ्यात आटोपतो.

अशाच एका दुपारी एमामांनी विचारलं, तुमच्याकडे पावसात काय करतात? त्यांची मुलगी दुभाषी होती. मी सांगितलं, भजी तळतो आणि भिजायला जातो. पहिलं त्यांना पटलं. दुसरं मुलीने दोनदा सांगूनही पटेना. मुद्दाम? गाडी करून? घाटात? शेवटी धबधब्याखाली उभ्या असलेल्या आमच्या ग्रुपचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन आणखी एक गाबी घेऊन आल्या.

१९ ऑगस्टला ‘बुहे’ झाला. पोरं काठ्या आपटत, गाणी म्हणत दारोदार हिंडली आणि त्यांना घरोघरी पाव मिळाला. ‘बुहेनंतर किरेम्त नाही,’ एमामा म्हणाल्या. आमच्याकडेही पोळा झाला की पाऊस भोळा होतो, असं मी सांगितलं. त्या दुपारी नेहमीपेक्षा मोठ्या गारा पडल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, थोडी थांबली असतीस तर पागुमे बघितला असतास. त्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास, संत राफाएलचा सण असतो. त्या दिवशीचा पाऊस तीर्थासारखा मानतात. पोरं कपडे काढून रस्त्यावर पळतात, बायका दारात बादल्या ठेवतात.

‘आणि तुम्ही?’ मी विचारलं.

मुलगी हसायला लागली. एमामांनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती बोललीच. म्हणाली, ही तर सगळ्यात आधी जाऊन भिजते.